नवं शैक्षणिक धोरण परंपरावादी आहे म्हणतात. मग परंपरा मानणाऱ्याने नक्की कशाच्या बाजूने उभं राहायचं?

डोंगरवाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, ते आज मांडतो.

मुलगी यंदा दुसरीत आहे, गावच्याच झेडपीच्या शाळेत. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. शाळेचा पट सतरा. आमच्या घरात दिवेलागणीला परवचा म्हणायची पद्धत आजोबांपासून चालत आलेली आहे. पाढे, पावकी, निमकी (पावाचे, अर्ध्याचे पाढे) मी त्यांच्या शेजारी बसून शिकलो आणि आता मुलगी माझ्या शेजारी बसते. माझा पिंड परंपरावादी आहे, आणि मला ते सांगायला संकोच वाटत नाही.

गोंधळ असा आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. मातृभाषेतून शिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, संस्कृत, सगळं आमच्या मनातलंच वाटलं. मग एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा जीआर आला आणि त्याच्या विरोधात सही करणाऱ्यांत मीही होतो. मित्र म्हणाले, "अरे, हे तुमच्याच विचाराचं धोरण, आणि तूच विरोधात?" मला नीट उत्तर देता आलं नाही.

आता कमी पटामुळे शाळा बंद करण्याची चर्चा पुन्हा सुरू आहे. अधिकारी शाळा संकुल वगैरे म्हणतात. पुढच्या महिन्यात समितीची बैठक आहे. मला तिथे काहीतरी ठाम बोलायचंय, पण आधी स्वतःशी तरी ठरायला हवं. परंपरा मानणाऱ्या माणसाने राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाकडे कसं बघावं? जाणकारांनी सांगावं.

एक_वाचक

मुळात ते धोरण परंपरावादी आहे हेच मला मान्य नाही. वरचा रंग तसा आहे, एवढंच. चार वर्षांची पदवी, मध्येच सोडून पुन्हा येण्याची सोय, क्रेडिट साठवणारी बँक, घोकंपट्टी नको, अनुभवातून शिक्षण हवं. यातलं बहुतेक जगभरच्या प्रागतिक शिक्षणविचारातूनच आलेलं आहे. ते वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण 'आपल्या विचाराचं धोरण' म्हणून डोळे झाकून टाळ्या वाजवू नयेत. मूळ धोरण काढून वाचा.

खडूफळा

डोंगरवाट, तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण थोडक्यात उत्तर देणं मला जमणार नव्हतं. मी माण तालुक्यात तेहेतीस वर्षं प्राथमिक शिक्षक होतो. त्यातली एकोणीस वर्षं दोन-शिक्षकी शाळेत गेली. २०२१ ला निवृत्त झालो. मीही परंपरा मानणारा माणूस आहे, तेव्हा घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलतो.

आधी एक वर्गातली गोष्ट सांगतो, धोरणाचं नंतर.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचन बदललं. एकवीसच्या जागी 'वीस एक', त्रेसष्टच्या जागी 'साठ तीन'. महाराष्ट्रभर गदारोळ झाला, तुम्हाला आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. त्यांचं म्हणणं असं की मराठीतले संख्यांचे शब्द जोडाक्षरांनी भरलेले आहेत आणि उलटे आहेत. आपण 'त्रे' आधी म्हणतो आणि लिहितो मात्र साठातला सहा आधी. दाक्षिणात्य भाषांत तसं नाही, मुलांचं तिथे अडत नाही. आमच्या शिक्षकांच्या गटात त्यांच्याबद्दल नको ते बोललं गेलं. मला ते तेव्हाही पटलं नाही, कारण अडचण शंभर टक्के खरी होती. माझ्या वर्गात दरवर्षी निम्मी पोरं त्रेसष्ट सांगितलं की ३६ लिहायची.

पण मी शब्द बदलला नाही. मी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून ठेवलेले होते. पोराच्या डाव्या हातात गठ्ठे, उजव्या हातात सुट्या काड्या. मी म्हणायचो 'त्रे', की उजवा हात वर. 'सष्ट', की डावा हात वर. मग दोन्ही हात समोर धरायचे आणि डावीकडून लिहायचं. दोन आठवड्यांत ३६ लिहिणारी पोरं ६३ लिहायला लागली. धनगरवाड्यावरची एक मुलगी होती, वडिलांबरोबर मेंढरं मोजायला जायची. तिने एक दिवस मला विचारलं, "गुरुजी, एकोणतीसमधी तिशीचं नाव कशापायी? तीस तर अजून झालंच न्हाई." मी म्हटलं, तूच सांग. तिने बोटांवर काहीतरी केलं आणि म्हणाली, "एक उणं हाय म्हणून." एकोणतीस म्हणजे एक उणे तीस. वजाबाकी शब्दातच बसलेली आहे, आणि ती तिला दुसरीत सापडली. 'वीस नऊ' म्हटलं असतं तर तिला हा प्रश्न पडलाच नसता.

मला परंपरा म्हणजे हे दिसतं. पूर्वजांनी एखादी गोष्ट घडवली, ती शेकडो वर्षं वापरात राहिली, तर तिच्यात आपल्याला चटकन न दिसणारं काहीतरी असतं. ती अवघड वाटली म्हणून लगेच काढून टाकू नये, आधी शिकवायची रीत शोधावी. आणि रीत शोधतो तो वर्गातला शिक्षक. पुण्या-दिल्लीत बसलेल्या समितीला माझ्या वर्गातली ती मुलगी दिसत नाही. समितीत कितीही विद्वान माणसं असोत, आणि ती होतीच.

आता धोरणाकडे येतो.

तुमच्या मित्रांनी तुम्हाला कोड्यात टाकलं, कारण आपण सगळेच 'राष्ट्रीय' हा शब्द सैल वापरतो. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वदेशी, बहिष्कार, स्वराज्य यांच्याबरोबर राष्ट्रीय शिक्षण होतं. त्या राष्ट्रीय शिक्षणाचा अर्थ काय होता? सरकारच्या ताब्याबाहेरची, समाजाने स्वतःच्या पैशावर उभी केलेली शाळा. तळेगावचं समर्थ विद्यालय तसं होतं, इंग्रज सरकारने ते १९१० मध्ये बंद पाडलं. म्हणजे आपल्याकडे राष्ट्रीय शिक्षण सरकारच्या परवानगीशिवाय सुरू झालं. आज राष्ट्रीय धोरण म्हटलं की आपण दिल्लीहून येणारा कागद समजतो.

शिक्षण हा विषय १९७६ पर्यंत राज्यांच्या सूचीत होता. आणीबाणीत ४२ वी घटनादुरुस्ती झाली आणि तो समवर्ती सूचीत गेला. परंपरा मानणाऱ्या माणसांनी आणीबाणीला विरोध केला, तुरुंग भोगले, पण त्यातली ही एक गोष्ट मात्र सगळ्यांनी गिळली, आणि आपला पक्ष दिल्लीत आला की तीच गोष्ट सोयीची वाटायला लागते. हे मला मनापासून खटकतं. तुम्ही हिंदीच्या जीआरला विरोध केलात तो तुमच्या विचाराला धरूनच केलात. धोरणाच्या मजकुरातच लिहिलंय की कोणत्याही राज्यावर कोणतीही भाषा लादली जाणार नाही. जूनमध्ये सुधारित जीआर आला. त्यात दुसरी भारतीय भाषा घ्यायची मुभा दिली, पण वर्गात किमान २० मुलं हवीत ही अट घातली. सतरा पटाच्या शाळेत २० मुलं कुठून आणायची? शेवटी २९ जून २०२५ ला दोन्ही जीआर मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली. सहा वर्षांच्या पोराला तिसरी भाषा हवी की नको, हे ठरवताना त्याच्या बाईंना कोणी विचारलं नव्हतं, एवढंच माझं दुःख आहे.

मातृभाषेबद्दल. धोरण म्हणतं, किमान पाचवीपर्यंत आणि जमल्यास आठवीपर्यंत आणि पुढेही घरच्या भाषेत शिकवावं. पण सुरुवातीलाच 'शक्य असेल तिथे' असं लिहिलंय. ज्याला करायचं नाही त्याला तेवढं पुरतं. माझ्या तालुक्यात गेल्या पंधरा वर्षांत इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाड्या वाडीवाडीत पोचल्या. त्या गाड्यांत बसणाऱ्या पोरांचे पालक संध्याकाळी संस्कृतीवर व्याख्यान ऐकायला येतात. मी त्यांना दोष देत नाही, पोटाची काळजी असते. पण ज्यांना परंपरा जपायची आहे त्यांनी आपलं पोर मराठी शाळेत घालावं. तुम्ही घातलंय. बैठकीत बोलायचा हक्क तुम्हाला तिथूनच मिळतो.

आणि पाठांतर. धोरणात घोकंपट्टीवर टीका आहे. अर्थ न कळता घोकणं मलाही नको. पण वरून आलेल्या प्रशिक्षणांत पाठांतर आणि घोकंपट्टी यांतला फरकच पुसला गेला. एका प्रशिक्षणात मला सांगितलं गेलं की पाढे पाठ करून घेणं म्हणजे मुलाच्या सर्जनशीलतेवर अन्याय. ज्या पोराला सात आठे छप्पन्न झोपेत येतं, त्याचं डोकं उदाहरणातल्या खऱ्या प्रश्नाकडे मोकळं राहतं. ज्याला येत नाही तो तिथेच बोटं मोजत बसतो आणि प्रश्न विसरून जातो. निपुण भारत या केंद्राच्या मोहिमेत पायाभूत वाचन आणि अंकज्ञानाचा आग्रह धरला आहे, तो मला योग्य वाटतो. पण त्याच्या लिंका भरण्यात, फोटो टाकण्यात शिक्षकाचा दिवस गेला तर वाचन कोण घेणार?

शाळा बंद करण्याबद्दल वेगळं लिहीन, हात दुखायला लागला.

सावित्रीची_लेक

खडूफळा सर, तुमची ती एकोणतीसची गोष्ट फार आवडली. पण मला थोडं कडवट बोलायचंय, रागावू नका.

माझ्या आजीला शाळेत पडवीत बसवायचे. वर्गात नाही. पाटीला मास्तर हात लावायचे नाहीत, लांबून बघून बरोबर-चूक सांगायचे. तीसुद्धा परंपराच होती, आणि शेकडो वर्षं वापरात राहिलेली होती. तुमच्या 'चटकन न दिसणारं काहीतरी असतं' या वाक्यापाशी मी थांबले. आजीला जे दिसत होतं ते अगदी स्पष्ट दिसत होतं.

१८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. रयतेच्या घामातून सारा गोळा होतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, असं त्यांनी सरकारला तोंडावर सांगितलं. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा म्हणाले. सक्ती! तुम्ही म्हणता वरून काही लादू नये. गावावर सोडलं असतं तर आमच्या घरातलं कोणी शिकलं असतं का? शाहू महाराजांनी १९१७ ला करवीरात सक्तीचं मोफत शिक्षण आणलं, मुलाला शाळेत न धाडणाऱ्याला महिना एक रुपया दंड ठेवला. तेही वरूनच आलं होतं.

आणि २०२४ मध्ये आपल्याच राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनुस्मृतीतला श्लोक आलाच होता. ओरड झाली तेव्हा तो गेला. 'भारतीय ज्ञानपरंपरा' म्हटलं की आमच्या पोटात गोळा का येतो, हे आता समजलं असेल.

इंग्रजीबद्दलही. माझी आई शेतमजूर. मी इंग्रजीमुळे नर्सिंग करू शकले. शिवाय पुस्तकातली मराठी ही काही माझी मातृभाषा नव्हती. पहिलीत 'मी गेलो होतो' लिहायचं की आम्ही घरी बोलतो तसं, यावरून मी छड्या खाल्ल्यात.

खडूफळा

ताई, रागावण्याचा प्रश्नच नाही. तुमच्या आजीच्या पाटीची गोष्ट वाचून मी बराच वेळ तसाच बसून होतो. तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि माझं वाक्य अपुरं होतं. वापरात राहिलेली प्रत्येक गोष्ट जपण्यासारखी नसते. जे प्रत्येक लेकराच्या हातात देता येतं, तेच जपायचं. पाटीला हात न लावणं ही रीत कोणाच्याच हातात काही देत नव्हती, फक्त काढून घेत होती.

पण फुल्यांचं ते निवेदन मी शिक्षक असताना अनेकदा वाचलंय, आणि त्यातली एक गोष्ट लोक सहसा सांगत नाहीत. प्राथमिक शाळेत काय शिकवावं हेही त्यांनी लिहिलंय. मोडी आणि बाळबोध (देवनागरी) वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीची माहिती, नीती आणि आरोग्याचे धडे. मोडी आणि हिशेब! म्हणजे पाटलाच्या वाड्यावरचा कागद आणि सावकाराची वही ज्या विद्येत होती, ती विद्या कुणब्याच्या पोराच्या हातात द्या, असं ते मागत होते. जुनी विद्या त्यांनी टाकली नाही, तिचं कुलूप काढलं. १८४८ ची भिडेवाड्यातली शाळा, शाहू महाराजांचा कायदा, कर्मवीर भाऊराव पाटलांची १९१९ ची रयत शिक्षण संस्था, कमवा आणि शिका. या सगळ्याला आता शंभर ते पावणेदोनशे वर्षं झाली. माझ्या लेखी महाराष्ट्राची शिक्षणपरंपरा ही आहे. परंपरावाद्याने ती स्वतःची म्हणायची की नाही? मी म्हणतो. मसुद्यातल्या त्या श्लोकावर हरकत नोंदवणाऱ्यांत मीही होतो.

सक्तीबद्दल तुमचं मान्य. शाळा असलीच पाहिजे, पोर आलंच पाहिजे, कोणालाही बाहेर ठेवता येणार नाही, ही सक्ती वरूनच हवी, कारण गावात बलिष्ठांचं चालतं. माझी तक्रार आहे ती वर्गात कोणत्या तासाला काय कसं शिकवायचं हेही वरून ठरण्याबद्दल. पहिली सक्ती दुबळ्याला आत घेते. दुसरी मात्र शिक्षकाला कारकून करून सोडते.

बोलीबद्दल मी स्वतः चुकलोय. नोकरीच्या पहिल्या वर्षी 'न्हाई'चं 'नाही' करण्यात मी पोरांची तोंडं बंद करून टाकली. एक मुलगा जूनपासून दिवाळीपर्यंत वर्गात बोललाच नाही. नंतर मी फळ्याच्या कडेला दोन रकाने आखून घेतले, एकीकडे घरचा शब्द, दुसरीकडे पुस्तकातला. कोणताही पुसायचा नाही. वर्षाअखेर पोरांनीच दोनशेच्या वर शब्द जमवले. कालवड, कोकरू, वैरण यांतले बारकावे मला माहीत नव्हते, ते मी त्यांच्याकडून शिकलो. मातृभाषेतून शिक्षण म्हणताना धोरणकर्त्यांच्या डोळ्यांसमोर हे दोन रकाने असावेत, असं फार वाटतं.

इंग्रजीला माझा विरोध नाही. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा मी ते शिकवलंय. विषय म्हणून ते दणकट शिकवा. तुमच्यासारख्या मुली त्यानेच पुढे गेल्या. फक्त ज्या भाषेत पोर विचार करतं, ती काढून घेऊन नको.

शाळेबाहेरचा

डोंगरवाट, एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवा. धोरण हा कायदा नाही, राज्याने न पाळलं तर कोर्ट काही करत नाही. पण समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या योजनेचा पैसा ६० टक्के केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. तमिळनाडूने पीएमश्री (नव्या धोरणाच्या नमुना शाळांची केंद्राची योजना) शाळांच्या करारावर सही केली नाही तर समग्र शिक्षाचे २०२४-२५ चे त्यांचे सुमारे २१५२ कोटी अडकले. सक्तीचा शब्द न वापरताही सक्ती होते ती अशी. खर्चाचं म्हणाल तर शिक्षणावर देशाच्या सकल उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करावा हे १९६४-६६ च्या कोठारी आयोगापासून लिहिलं जातंय, २०२० च्या धोरणातही तेच लिहिलंय. डावे, उजवे, मधले सगळे सत्तेत येऊन गेले. आकडा तोच राहिला आणि तिथवर कोणी पोचलं नाही.

डोंगरवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद बायकोलाही वाचून दाखवला.

खडूफळा सर, शाळा बंद करण्याबद्दल लिहितो म्हणालात, ते राहिलं. आमच्या गावापासून केंद्रशाळा साडेचार किलोमीटरवर आहे, मध्ये ओढा. पावसाळ्यात मोठी माणसंही दोन दिवस अडकतात. बैठकीत हे मांडणारच आहे, पण "सतरा मुलांसाठी दोन शिक्षक परवडत नाहीत" असं कोणी म्हणालं तर काय सांगू?

आणि सवायकीची (सव्वाच्या पाढ्याची) एक शंका. आजोबा पावकी-निमकीपर्यंतच पोचले होते. मुलगी पुढचं विचारते आहे.

खडूफळा

परवडत नाही म्हणणाऱ्याला ओढा दाखवा. खरंच, बैठक शाळेत ठेवा आणि अधिकाऱ्यांना त्या रस्त्याने चालत घेऊन या. धोरणातल्या शाळा संकुलाची मूळ कल्पना अशी आहे की जवळच्या शाळांनी शिक्षक, वाचनालय, खेळाचं साहित्य एकमेकांत वाटून घ्यावं. चित्रकलेचे किंवा संगीताचे शिक्षक आठवड्यातून एकदा तुमच्याकडे आले तर बिघडलं कुठे? पण साहित्य आणि शिक्षक फिरवायचे, सहा वर्षांची पोरं नाही. शाळा लांब गेली की सगळ्यात आधी शिक्षण सुटतं ते मुलींचं, हे समितीतल्या आयांकडून वदवून घ्या. तुम्ही बोलण्यापेक्षा त्या बोलल्या तर जास्त पोचेल. आणि ठराव लेखी करून, सह्या घेऊन, त्याची एक प्रत ग्रामसभेत नोंदवून ठेवा.

सवायकी अशी घ्या. एक सव्वा सव्वा, दोन सव्वा अडीच, तीन सव्वा पावणेचार, चार सव्वा पाच. इथे थांबा आणि तिला चार अख्ख्या भाकऱ्या आणि चार पाव भाकऱ्या मांडायला सांगा. चार पाव एकत्र आले की एक अख्खी भाकरी होते, ती तिने हाताने जुळवू दे. मग पुढे, पाच सव्वा सव्वासहा, सहा सव्वा साडेसात, सात सव्वा पावणेनऊ, आठ सव्वा दहा. दर चौथ्या घराला अपूर्णांक का नाहीसा होतो, हे तुम्ही सांगू नका. तिला किती दिवसांनी दिसलं ते मला इथे कळवा.